अनोळखी चहाचा पेला

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत मेघालयातून आलेल्या दोन परिचारिका भाड्याने राहू लागल्या. रविवारच्या मिस्सेला त्या मागच्या बाकावर बसत आणि मिस्सा संपताच कुणाशी न बोलता निघून जात. नव्याने आलेल्यांची विचारपूस करावी, या हेतूने एका संध्याकाळी आई आणि मी त्यांच्या खोलीवर गेलो. थोरलीने लगबगीने चहा केला. तो तांबूस, पातळ, बिनदुधाचा होता. त्यात साखरही नव्हती. सोबत तांदळाच्या पिठाचा एक वाफवलेला पदार्थ होता. मी एक घोट घेतला आणि सहज बोलून गेलो, "आमच्याकडे असा चहा कुणी घेत नाही." ती हसली, आत गेली, शेजारणीकडून दूध मागून आणले आणि आमच्यासाठी पुन्हा चहा ठेवला. तो पिऊन आम्ही समाधानाने घरी परतलो. आपण एक सत्कृत्य करून आलो, अशीच माझी भावना होती.

पुढे नाताळात ती आमच्या घरी आली. आईने तिला दाट दुधाचा, आले आणि गवती चहा घातलेला, भरपूर साखरेचा पेला दिला. तो संपताच आग्रहाने दुसरा भरला. तिने दोन्ही पेले शांतपणे संपवले आणि आईचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी धाकटी भेटली तेव्हा कळले, की थोरलीला दूध मुळीच पचत नाही. रात्रभर ती कळवळत होती.

ही घटना तशी क्षुल्लक. पण तिने माझ्या मनात एक प्रश्न रुजवला तो अद्याप गेलेला नाही. आपण देणाऱ्याला उदार म्हणतो. मग घेणाऱ्यालाही उदार होता येते काय? आणि जे देताना समोरच्या माणसाकडे आपले लक्षच नसते, त्याला औदार्य म्हणावे काय?

प्रथम एक आक्षेप विचारात घेऊ. न आवडणारे, न सोसणारे पेय हसतमुखाने पिणे हा एक प्रकारचा खोटेपणा नव्हे काय? मला तसे वाटत नाही. तिने चहा आवडल्याचे कधीच म्हटले नाही. तिने केवळ आभार मानले, आणि ते खरे होते. आवड ही जिभेची गोष्ट आहे, आदर ही मनाची. मात्र तिच्या सोसण्याचे कौतुक करून आपली सुटका होत नाही. "तुम्ही चहा कसा घेता?" एवढा एक प्रश्न आम्ही विचारला असता तर तिला सोसावेच लागले नसते. आमच्या आग्रहात प्रेम होते, पण अवधान नव्हते. सिमोन वेल (१९०९–१९४३) या फ्रेंच विचारवंत स्त्रीने अवधानालाच एक थोर दान मानले आहे. त्या विधानाचा अर्थ मला पुस्तकातून नव्हे, आमच्या स्वयंपाकघरातल्या दोन रिकाम्या पेल्यांतून कळला.

"आमचा" चहा या शब्दाचाही थोडा विचार करावा. हिरवा, काळा, ऊलाँग हे सारे चहा एकाच जातीच्या झाडाच्या पानांपासून होतात. फरक पडतो तो पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेने. आणि दूध-साखरेचा जो चहा आपण पिढीजात समजतो, तो आपल्या पणज्यांना बहुधा अनोळखीच होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहा-उत्पादकांनी रेल्वे स्थानकांवर, गिरण्यांत आणि बाजारांत नेटाने प्रचार केला, तेव्हा कोठे चहा भारतीय घरांत शिरला. म्हणजे आमच्या चुलीवर उकळणारा चहाही एके काळी उंबरठ्यावर उभा असलेला पाहुणाच होता. त्याला कुणीतरी पहिल्यांदा घरात घेतले.

अनोळखी चहासमोर कसे बसावे, याचा सखोल विचार जपानने केला. पंधराव्या शतकात मुराता जुको या चहागुरूने साध्या चहापानाला साधनेचे वळण दिले आणि सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने ते परिपूर्ण केले. चहाची खोली अगदी लहान. तिचे दार इतके बुटके, की थोर सरदारालाही वाकून, गुडघ्यांवर सरकत आत यावे लागे. तलवार बाहेर ठेवावी लागे. पाहुणा वाडगा दोन्ही हातांनी उचलतो, त्याची दर्शनी बाजू स्वतःकडे राहू नये म्हणून तो किंचित फिरवतो आणि मग पितो. दाट चहाचा एकच वाडगा सर्व पाहुण्यांत फिरतो. ही भेट पुन्हा अशीच घडणार नाही, तेव्हा यजमानाने आणि पाहुण्याने परस्परांपुढे पूर्णपणे उपस्थित असावे, ही त्यामागची धारणा आहे.

१५७९ मध्ये येशूसंघाचे निरीक्षक फादर आलेस्सांद्रो वालिन्यानो जपानला पोहोचले. काही मिशनरींना तिथल्या चालीरीती निरर्थक वाटत होत्या. वालिन्यानोंनी मात्र येशूसंघाच्या घरांत चहासाठी स्वतंत्र जागा असावी आणि आल्यागेल्याचे स्वागत त्या देशाच्या रीतीने व्हावे, असा नियम घालून दिला. सुवार्ता सांगायला गेलेल्यांनी आधी समोरचा पेला स्वीकारायला शिकावे, असाच त्याचा अर्थ होतो. त्यात नवे काही नव्हते. प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीशी संवाद सुरू केला तो तिला काही देऊन नव्हे, तर तिच्याकडे पाणी मागून. मागणारा लहान होतो, आणि त्या लहानपणातून दार उघडते.

रिक्यूच्या निकटच्या सात शिष्यांत ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार गणला जातो. चहाच्या त्या छोट्या खोलीत एकटाच बसून तो प्रार्थना करी. त्या शांततेत आपले मन एकाग्र होते असे तो म्हणत असे, अशी नोंद त्या काळचे येशूसंघीय फादर जुआंव रोद्रिगीश यांनी करून ठेवली आहे. १५८७ मध्ये सत्ताधीश हिदेयोशीने त्याला श्रद्धा सोडण्यास सांगितले. उकोनने श्रद्धा राखली आणि जहागीर सोडली. १६१४ मध्ये तो देशाबाहेर घालवला गेला आणि १६१५ च्या फेब्रुवारीत मनिला येथे मरण पावला. २०१७ मध्ये ओसाका येथे त्याला धन्य घोषित करण्यात आले.

येथेच माझा विचार अडखळतो, आणि वाचकांपासून ती अडचण लपवू नये असे वाटते. ज्या हिदेयोशीने उकोनची जहागीर काढून घेतली, तोही चहाचा मोठा भोक्ता होता. रिक्यू त्याचाच चहागुरू. त्याच १५८७ मध्ये त्याने क्योतोजवळ कितानो येथे मोठा चहामेळावा भरवला. सोन्याने मढवलेली चहाची खोलीही त्याच्याकडे होती. आणि १५९१ मध्ये त्यानेच रिक्यूला आत्महत्येची आज्ञा दिली. पुढे त्याच्याच आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती क्रुसावर मारले गेले. त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. जपानी भाषा उत्तम जाणणारे, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून याच हिदेयोशीसमोर उभे राहिलेले.

मग बुटक्या दारातून वाकून जाण्याने काय साधले? एकाच साधनेने एकाला मोकळे केले आणि दुसऱ्याला केवळ हौस पुरवली, हे कसे? मला सुचणारे उत्तर असे. कोणतीही बाह्य रीत आपल्याला चांगले करीत नाही. ती फक्त एक क्षण आपल्या हाती देते. त्या क्षणात मी समोरच्याकडे पाहतो की समोरच्याच्या डोळ्यांत स्वतःला पाहतो, यावर सारे अवलंबून असते. सोन्याची खोली पाहुण्याने पाहावी म्हणून असते. साधी खोली पाहुण्याला पाहता यावे म्हणून. आणि अवधान खरे की खोटे, हे पेला खाली ठेवल्यानंतर कळते. त्यासाठी मला काही सोडावे लागले काय? उकोनने जहागीर सोडली. आमच्या पाहुणीने एका रात्रीची झोप सोडली. मी त्या पहिल्या संध्याकाळी काहीच सोडले नव्हते, माझी सवयसुद्धा नाही. मिस्सेत आपण एका प्याल्याभोवती जमतो. तेथून घरी येऊन शेजाऱ्याचा पेला परत करणाऱ्या मला हा प्रश्न चुकवता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आई आणि मी पुन्हा त्यांच्या खोलीवर गेलो. मी क्षमा मागितली. थोरली संकोचली, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला, म्हणाली. मग आईनेच तिला तिच्या पद्धतीचा चहा करायला सांगितले आणि तो कसा करतात ते पाहायला चुलीजवळ जाऊन उभी राहिली. यावेळी मी लगेच तुलना केली नाही. आधी वास घेतला, मग एक घोट, मग दुसरा. तिसऱ्या घोटाला धुरकट तुरटपणामागे हलकी गोडी जाणवली. तिच्या घरी सकाळी चहा कोण ठेवते, असे मी विचारले. मग ती आपल्या आईविषयी, तिकडच्या पावसाविषयी आणि पाहुण्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या पान-सुपारीविषयी, ज्याला ते क्वाय म्हणतात, कितीतरी वेळ बोलत राहिली. पान म्हटल्यावर आईनेही आपल्या माहेरच्या पानवेलींचा विषय काढला. इतके दिवस मागच्या बाकावर बसून ती काय काय मनात घेऊन घरी जात होती, ते त्या संध्याकाळी थोडेसे कळले.

खरे सांगायचे तर तो चहा मला आजही फारसा आवडत नाही. आवडलाच पाहिजे असेही नाही. पण आता आमच्या घरी पाहुणा आला की आई आधण ठेवण्यापूर्वी बाहेर येते आणि विचारते, "तुमच्याकडे चहा कसा घेतात?" बहुतेक जण "तुम्ही कराल तसा" असे म्हणतात. आई मात्र तिथेच उभी राहून पुन्हा विचारते.