दुसऱ्याने घातलेली घडी

पॅराशूटची घडी घालणारा आणि ते पाठीवर बांधून विमानाच्या दारातून बाहेर झेपावणारा, ही दोन माणसे लष्करात बहुधा एकमेकांना ओळखत नाहीत. एकाचे काम जमिनीवर, लांबच लांब टेबलापाशी, स्वस्थपणे चालते. दुसऱ्याचे काम काही क्षणांचे; आणि त्या क्षणांत पहिल्याला एखादी शंका विचारावी, अशी सोय नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन उतरली, तेव्हा प्रत्येक जवानाच्या पाठीवर कोणा दुसऱ्याच्या हातची घडी होती. ही बटालियन म्हणजे १९५२ पूर्वीची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. पलटणीचे नाव इतिहासात गेले. घड्या घालणाऱ्यांची नावे फार तर एखाद्या नोंदवहीत राहिली असतील.

हे आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाही. आम्हांला त्यातून एक प्रश्न दिसतो तो असा : ज्याचे फळ आपल्या दृष्टीस पडणार नाही आणि ज्याच्यासाठी ते केले तो माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, असे काम पूर्ण मनाने का करावे? सरकारी चाकरीत गावोगाव फिरणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न परका नाही. मंजूर केलेल्या पुलावरून पहिली गाडी जाते, तेव्हा आमची बदली होऊन दोन-तीन वर्षे उलटलेली असतात. आमच्या सहीने जिचे निवृत्तिवेतन सुरू होते, त्या विधवेचे गाव कोणत्या तालुक्यात आहे हेही आम्हांला पुष्कळदा ठाऊक नसते.

आधी ही घडी म्हणजे काय ते पाहू. हौसेने उड्या मारणाऱ्यांचे आजचे पॅराशूट छत्रीसारखे गोल नसते. ते नायलॉनचे, कप्प्याकप्प्यांचे, पंखासारखे लांबट असते. घडी घालताना दोऱ्या सरळ करून मध्यावर एकत्र घ्यावयाच्या, ब्रेकच्या दोऱ्या त्यांच्या जागी अडकवावयाच्या, पुढल्या कप्प्यांची तोंडे नीट आवरावयाची, मागचा काठ सगळ्या कापडाभोवती गुंडाळावयाचा आणि आतली हवा अंगाच्या भाराने हळूहळू बाहेर काढावयाची. मग ते कापड पिशवीत जाते आणि दोऱ्यांचे वेढे रबरी पट्ट्यांत घट्ट बसविले जातात. हे वेढे सैल राहिले, तर दोऱ्या पुरत्या ताणल्या जाण्याआधीच कापड पिशवीतून सुटू शकते, आणि मग उघडण्याचा जो हिसका बसतो तो मान दुखावणारा असतो.

पण या सर्वांत आमच्या मते विचार करण्याजोगी वस्तू आहे ती स्लायडर नावाचा कापडाचा एक लहानसा चौकोन. त्याच्या चार कोपऱ्यांना चार धातूची कडी असतात आणि दोऱ्यांचे चार जुडगे त्यांतून ओवलेले असतात. घडी घालताना हा चौकोन दोऱ्यांवरून थेट वर, पॅराशूटच्या कापडाला टेकेपर्यंत सारावा लागतो. ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने पडणाऱ्या माणसावर एवढे कापड एकदम उघडले, तर माणूसही दुखावेल आणि कापडही फाटेल. उघडू पाहणारे कापड स्लायडरला खाली ढकलते, खालून येणारा वारा त्याला वर दाबून धरतो, आणि या ओढाताणीत कापड टप्प्याटप्प्याने फुलते. उशीर करणे, एवढेच स्लायडरचे काम.

विलंब हा आमच्या कचेऱ्यांचा जुना आजार असल्यामुळे त्याची स्तुती करताना लेखणी थोडी अडखळते. परंतु येथला विलंब मोजलेला आहे. तो लांबला तर उंची खर्च होते, आणि उंची हेच तर त्या माणसाचे सारे भांडवल. म्हणूनच दुसरे, राखीव पॅराशूट बनविताना मार्दवापेक्षा तत्परतेकडे अधिक लक्ष दिलेले असते. पहिले फसल्यावर मानेला बसणाऱ्या हिसक्याची चौकशी कोण करतो? मृदुपणाला उंची लागते. ज्याच्या हाताशी वेळ आहे त्यालाच सौम्य होणे परवडते. मात्र हाताशी वेळ असूनही ज्याने केवळ सवयीने कठोर निर्णय केला, त्याने स्लायडर खालीच ठेवून घडी घातली, असे आम्ही म्हणू.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेच्या सैन्यात घडी घालणाऱ्याला स्वतःलाही छत्रीधारी सैनिक व्हावे लागते, आणि त्याने बांधलेल्या कोणत्याही पॅराशूटनिशी उडी मारण्याची त्याची तयारी असावी लागते. हे ऐकले की आमचे पुष्कळ मित्र खूष होतात. धरण बांधणाऱ्याला धरणाखाली घर द्यावे, म्हणजे सारे सुरळीत होईल, असे ते म्हणतात. आम्हांला या युक्तिवादात दोन छिद्रे दिसतात. भीतीने केलेले काम भीती असेपर्यंतच टिकते, हे पहिले. दुसरे असे की, स्वतःचा जीव पणाला लावल्याने प्रामाणिकपणा सिद्ध होतो. काम बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. फ्रांत्स राइखेल्ट नावाच्या शिंप्याने ४ फेब्रुवारी १९१२ रोजी स्वतः शिवलेला पॅराशूटचा पोशाख अंगावर चढवून पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावरून, ५७ मीटर उंचीवरून, उडी घेतली आणि तो जागच्या जागी गतप्राण झाला. त्याच्याइतका विश्वास आपल्या कामावर कोणाचा असणार? पोशाखावर मात्र त्या विश्वासाचा काही परिणाम झाला नाही.

मग तो नियम निरर्थक काय? तसेही नाही. त्याचे मोल धाकात नसून ज्ञानात आहे. ज्याने एकदा दारात उभे राहून खाली पाहिले आहे, त्याला टेबलावरच्या दोरीचा अर्थ निराळा कळतो. कचेरीतल्या खुर्चीवर बसण्यापूर्वी ज्याने कधी खिडकीबाहेरच्या रांगेत उभे राहून पाहिले आहे, त्याचा अर्जाकडे पाहण्याचा डोळा वेगळा असतो. त्याला शिक्षेचे भय घालावे लागत नाही.

येथे कोणी गीतेचा आधार घेऊन म्हणेल की फळाचा विचारच कशाला, कर्म करावे आणि मोकळे व्हावे. हा अर्थ आम्हांला आळशी वाटतो. घडी घालणाऱ्याने फळाविषयी उदासीन राहणे हा अपराधच ठरेल. फळाची आसक्ती सोडावयाची ती ते आपल्याला मिळावे म्हणून. ते घडावे याची काळजी सोडा, असे कोणी सांगितलेले नाही. शाबासकीवाचून काळजी करता येणे हीच येथली कठीण गोष्ट.

आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा क्वचितच होते. लष्करात घडीच्या ठराविक टप्प्यांवर दुसरा माणूस तपासणी करतो. व्यवस्था शहाणपणाची आहे. राइखेल्टला असा तपासनीस हवा होता. परंतु दोन सह्या झाल्या की प्रत्येकजण दुसऱ्याच्या सहीला टेकून उभा राहू लागतो. कारकुनाने पाहिले आहे म्हणून अवर सचिव डोळे मिटतो, आणि अवर सचिव पाहणारच आहे म्हणून कारकून. कागदावर जबाबदारी दुप्पट होते, टेबलावर ती अर्धीही उरत नाही. यावर नियमाचा उपाय आम्हांला सुचत नाही. प्रत्येकाने आपली सही शेवटची समजून करावी, एवढेच म्हणता येते. आणि तेही सांगून होत नाही.

राखीव पॅराशूटच्या बाबतीत अमेरिकेतला नागरी नियम मात्र आम्हांला आवडला. त्याची घडी परवानाधारक रिगरच घालतो. बांधणी पुरी झाली की तो दोऱ्यावर स्वतःच्या खुणेचे शिक्के मारतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. आपल्या कामाची नोंद त्याला निदान दोन वर्षे जपून ठेवावी लागते. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या कापडाची ही घडी १८० दिवस चालते, रेशमाची ६०. अशी बहुसंख्य पॅराशूटे आकाशात कधीच उघडत नाहीत. मुदत भरली की शिक्का तोडावयाचा, एकदाही कामी न आलेली ती घडी टेबलावर उलगडावयाची, शिवणी आणि दोऱ्या एकेक करून डोळ्यांखालून घालावयाच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून ती तशीच घालावयाची. मागच्या वेळी ती घालणारा कदाचित दुसराच कोणी असतो, आणि त्याची सही कार्डावर वरच्या ओळीत दिसत असते.