चेहरा लागतो

भाच्याच्या कपाळावर कुणाचा तरी मोबाइल नंबर छापून आला होता. तिरका, पांढरट, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. चौदा वर्षांखालच्या खो-खो स्पर्धेचे फोटो घरच्या ग्रुपवर पडले, त्यातला हा पहिला. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हे काय लिहिलंय रे त्याच्या डोक्यावर?" नंबर फोटोग्राफरचा होता. पैसे भरले की तो पुसलेला फोटो मिळतो. एकाला दीडशे रुपये, सगळे हवे असतील तर बाराशे. दाजींनी संध्याकाळच्या आत बाराशे भरले आणि पोराचं कपाळ मोकळं झालं.

मला मात्र तो नंबर खुपत राहिला. बाराशे रुपये काही फार नव्हेत. पण मुलं खेळायला गेली होती, फोटो काढा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची तोंडं विक्रीला होती. गिऱ्हाईक आईबाप, विकणारा तिसराच, आणि ज्याचं तोंड त्याला या व्यवहारात जागाच नाही. मुलांच्या खेळाचा बाजार झाला, पालक सगळी मॅच मोबाइलच्या पडद्यातूनच बघतात, हे सगळं वाचकांना पाठ आहे. त्यात मी भर घालत नाही. मला एवढंच वाटत होतं की या माणसाला मैदानाच्या दोरीबाहेर घालवावं.

असे फोटो काढणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. लग्नाचे मुहूर्त नसतात त्या महिन्यांत तो शालेय स्पर्धा धरतो. लांब लेन्स, सेकंदाला दहा-वीस फोटो, संध्याकाळी छाटणी, मग छातीवरच्या क्रमांकाप्रमाणे वेगवेगळे फोल्डर. त्याने मला धंद्याचं मूळ सूत्र एका वाक्यात सांगितलं: "चेंडू नसला तरी चालतो, चेहरा लागतो." या एका कसोटीवर त्याने सगळे खेळ लावून ठेवले आहेत. स्केटिंग उत्तम, हेल्मेट असलं तरी तोंड उघडं, आणि पोरगं समोरूनच येतं. पोहण्यात बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोक खपतात, कारण श्वासासाठी डोकं समोर वर येतं. फ्रीस्टाइलमध्ये अर्धा गाल आणि पाणी. क्रिकेट वाटतं तितकं सोपं नाही. फलंदाजाचं तोंड हेल्मेटच्या जाळीआड, म्हणून फटक्याचा सुरेख फोटो पडून राहतो आणि बाद होऊन हेल्मेट काखेत घेऊन परतणाऱ्या हिरमुसल्या पोराचा विकला जातो. मल्लखांबावर चेहरा असतो, पण उलटा. आजीला नातू ओळखू येत नाही.

हे ऐकताना माझ्या मनात एक भेद पक्का झाला, आणि तो मी अजून सोडलेला नाही. एक असतो खेळाडूचा फोटो आणि दुसरा असतो मुलाचा. खेळाडूच्या फोटोत डोळे चेंडूवर किंवा प्रतिस्पर्ध्यावर असतात, आणि तो प्रतिस्पर्धी फोटोत असावाच लागतो. त्याच्याशिवाय हा पोरगा असा वाकडा का झालाय ते कळणार नाही. मुलाच्या फोटोत बाकीचे सगळे अडगळ. आईबाप पैसे देतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकाराला. सांघिक खेळातून संघ कापून काढायचा, उरलेला तुकडा फ्रेममध्ये घालायचा.

खो-खोत हे फारच उघड दिसतं. फोटोग्राफर बसतो खांबामागे. आक्रमणातला गडी खांबावर सूर मारतो तेव्हा पसरलेले हात, उडालेली माती आणि वासलेलं तोंड थेट लेन्समध्ये येतं. त्या एका क्षणाखेरीज हा खेळ चेहरा दाखवायला नाखूषच असतो. मधल्या चौकोनांत आठ जण बसलेले, लागोपाठच्या दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. कुठल्याही बाजूला जाऊन बसा, निम्म्यांची पाठच दिसणार. आणि संरक्षकाचं काय करायचं? संरक्षकाचं सगळं कौशल्य तो तिथे नसण्यात आहे. हात पोहोचला तेव्हा तो सरकलेला असतो. वर्तमानपत्रातल्या बातमीत त्याच्या नावापुढे वेळ लिहितात: दोन मिनिटं, दोन मिनिटं दहा सेकंद. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडून मिटणाऱ्या शटरने ती दोन मिनिटं कुठून दाखवायची? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि पुरुषांचा नि महिलांचा असे दोन्ही करंडक भारताने जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्रातले. तेव्हाचे फोटो आठवून पाहा. डोळ्यांपुढे येतात ते सूर आणि करंडक. हुलकावणी आठवत नाही, कारण ती फोटोत मावतच नाही.

भाचा संरक्षक आहे. बाराशे रुपयांच्या फोटोंत तो बुटाची नाडी बांधताना, पाणी पिताना, पदक दातात धरून हसताना आहे. एक फोटो मात्र वेगळा. त्यात फक्त वर उचललेली टाच आहे, थोडी धूळ, आणि टाचेमागे चार बोटांच्या अंतरावर दुसऱ्या मुलाचा ताणलेला हात. भाच्याचं तोंड फ्रेमबाहेर. तो फोटो त्याने स्वतःच्या डीपीला लावला. बहीण म्हणाली, "अरे, यात तू दिसतोस कुठे?" तो म्हणाला, "ह्यात मी सुटलोय."

दाजींशी माझं वाजलं ते यावरूनच. दाजी मनाने मोकळे, पण वादात ते एकदम पुढे येतात आणि मग त्यांच्यामागे जागा उरत नाही. "माझा शाळेतला खेळतानाचा एक फोटो दाखव," ते म्हणाले. "कबड्डीत जिल्ह्याला गेलो होतो. आहे काही पुरावा?" मी म्हटलं, दाजी, तुमच्या गुडघ्यावरची खूण आहे की. ते हसले नाहीत. त्यांना फोटो पुराव्यासाठी हवा आहे, आणि पुराव्याला चेहरा लागतोच; पासपोर्टवर कुणी टाच छापत नाही. पोराच्या खेळाकडे पुराव्याच्या नजरेने पाहिलं की खेळ हळूहळू पुरावा तयार करायची जागा होतो. मुलं बाद झाल्यावर आधी कॅमेरा कुठे आहे ते बघतात. माझं हे म्हणणं दाजींनी उडवून लावलं. पण जाताजाता ते एक बोलले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: "तो माणूस दिवसभर उन्हात मांडी घालून बसला. त्याने काय फुकट द्यायचे?"

फुकट नको, हे कबूल. पण मग विकत घेतलेला तो फोटो असतो कुणाचा? कायदा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे, आणि बहुतेक पालकांना तो ठाऊक नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही पैसे देऊन, सांगून फोटो काढवून घेतलात आणि वेगळा करार नसेल, तर हक्क तुमचा. फोटोग्राफरने आपणहून काढला असेल तर हक्क त्याचा, मग त्यात मूल कुणाचं का असेना. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि मरणानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे दाजींनी बाराशे भरून प्रती घेतल्या. फोटो घेतले असं म्हणता येत नाही. त्यात आता नवी सोय निघाली आहे: पोराचा एक सेल्फी टाका, यंत्र हजारो फोटोंतून त्याची तोंडं शोधून देतं. त्यासाठी त्याला आधी सगळ्याच पोरांची तोंडं वाचावी लागतात, हे पालकांच्या लक्षात येत नाही. २०२३ चा वैयक्तिक माहितीबाबतचा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि अशा माहितीसाठी पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती मागतो. जिल्हा स्पर्धेच्या मांडवात अशी संमती घेताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

इथे थोडं आडवाटेने जातो, कारण मला वर्गाचा ग्रुप फोटो आठवतो आहे. तोही धंदाच होता. वर्षातून एकदा स्टुडिओवाले यायचे, तिपाई रोवायचे, पटांगणात बाकं मांडली जायची. खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि बाई, मागे उंचीप्रमाणे रांगा, पुढे मांडी घातलेली बुटकी पोरं, मधोमध पाटीवर खडूने इयत्ता आणि साल. फोटोचे पैसे घरून पाकिटातून आणायचे. काही जण आणायचे नाहीत, त्यांना प्रत मिळायची नाही. पण गंमत अशी की ते फोटोत असायचे. ज्याने पैसे दिले नाहीत तो आमच्या सगळ्यांच्या घरच्या फोटोत तिसऱ्या रांगेत उभा आहे, खाली नावही छापलेलं आहे. त्याला कापून काढण्याची सोय त्या धंद्यात नव्हती. शिवाय प्रत्येक जण आपापलं तोंड शोधता शोधता शेजारच्याचंही बघायचा. आजही तो फोटो काढला की आधी इतरांविषयी बोलणं होतं.

मग खेळाच्या मैदानावरही फक्त ग्रुप फोटो ठेवावेत, बाकी सगळं बंद, अशा निष्कर्षापर्यंत मी जवळजवळ पोहोचलो होतो. तिथे मला मुंबईचं आझाद मैदान आडवं आलं.

फेब्रुवारी १९८८. शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मैदानावर आणखी दोन मुलं होती. एक होता सेंट झेवियर्सचा गोलंदाज सैराज बहुतुले. तो पुढे भारताकडून कसोटी खेळला, पण त्या सामन्यात त्याच्या वाट्याला फक्त मार आला. दुसरा शारदाश्रमचाच, अमोल मुजुमदार. पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून बसला होता. भागीदारी मोडलीच नाही आणि त्याला बॅट हातात घेऊन उतरताच आलं नाही. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, मुंबईसाठी धावांचे डोंगर उभे केले, भारताकडून कधीच खेळला नाही. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता.

पॅड बांधून बसलेल्या त्या मुलाचा फोटो कुणी काढला असता? वर्तमानपत्राने नाही. वर्तमानपत्र विक्रमाचा फोटो काढतं, आणि ते बरोबरच आहे; ती बातमी आहे. शाळेने नाही, शाळा नोटीस बोर्डावर जिंकणाऱ्यांना लावते. मार खाणाऱ्या गोलंदाजाकडे आणि संधीची वाट बघत बसलेल्या पोराकडे कॅमेरा वळवायला एकाच माणसाकडे कारण असतं: ज्याच्या लेखी त्या पोरालाही आईबाप आहेत आणि त्यांच्या खिशात पैसे आहेत. माझ्या ओळखीचा फोटोग्राफर संघाची यादी जवळ ठेवतो आणि क्रमांकापुढे खुणा करत जातो, राखीव मुलांच्याही. दिवस मावळायच्या आत एकही क्रमांक कोरा राहता कामा नये. मैदानावर प्रत्येक मुलाकडे एकदा तरी नीट पाहिलंच पाहिजे, असा नियम स्वतःला घालून घेतलेला दुसरा माणूस मला सापडत नाही. प्रशिक्षक जिंकायच्या मागे असतात, पंच चुकांच्या, पालक आपापल्या पोराच्या. ज्याला मी दोरीबाहेर काढायला निघालो होतो, तोच माणूस सगळ्यांकडे सारखं बघत होता.

सारखं म्हणजे अगदी सारखं नव्हे. ही खोच मी त्याच्याच तोंडून ऐकली. मुंबई-पुण्याच्या शाळांची यादी तो पूर्ण करतो. आश्रमशाळेचा किंवा महापालिकेच्या शाळेचा संघ उतरला की तो पाणी प्यायला जातो. बोलताना त्याला संकोच वाटला, पण त्याने लपवलं नाही: "त्यांचे पालक येतच नाहीत हो. विकायचे कुणाला?" आणि खो-खो, कबड्डीतली कितीतरी चांगली मुलं याच शाळांमधून येतात. गिऱ्हाइकाच्या पैशाने पुसट मुलंही दिसायला लागतात, आणि जिथे गिऱ्हाईक नाही तिथे अख्खा संघच दिसेनासा होतो. वर्गाच्या फोटोतला तिसऱ्या रांगेतला मुलगा इथे फोटोतच नाही.

म्हणून आता माझं म्हणणं असं आहे. त्याला घालवू नका, नेमा. पंचांना आणि गुणलेखकाला मानधन मिळतं. त्यांना कुठल्याही संघाच्या पालकांकडे हात पसरावा लागत नाही, म्हणून तर ते सगळ्यांचे असतात. फोटोग्राफर त्याच रांगेत बसला की त्याचं दिवसभराचं ऊन फुकट जात नाही, आणि आश्रमशाळेच्या संघाच्या वेळी पाणी प्यायला जायचं त्याला कारण उरत नाही. शिवाय फोटो काढवून घेणारी संघटना ठरली की हक्काचा गुंताही सुटतो. करारात दोन ओळी घातल्या की पुरे. दाजींना हे पटलेलं नाही. त्यांना वाटतं, संघटनेच्या पैशाने काढलेल्या फोटोत त्यांचा मुलगा लहान येईल. येईल कदाचित. आजूबाजूला इतर मुलंही असतील.

जिल्हा आणि तालुका संघटनांच्या चिटणीसांना माझी विनंती आहे. पुढच्या स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेत छायाचित्रणाची रक्कम प्रत्येक संघामागे धरा, ज्या शाळांना झेपत नाही त्यांना माफ करा. संमतीचा कागद आधी घ्या. फोटो उघड्यावर न टाकता शाळेच्या हाती द्या, आणि आपला कोणता ठेवायचा ते मुलांना निवडू द्या. पंच, गुणलेखक आणि वेळाधिकारी यांच्या मानधनाच्या यादीत तेवढी एक ओळ वाढवा.