आकाराची चाळणी

भाची : मामा, मंगळाचं बिनसलं कुठं? नद्यांची कोरडी पात्रं तर अजून दिसतात.

मामा : लहान जीव पडला गं तो. व्यास पृथ्वीच्या निम्मा, वस्तुमान जेमतेम ११ टक्के. लहान गोळा लवकर निवतो. गाभ्यातली घुसळण थांबली, चुंबकीय कवच गेलं आणि सौरवारा हवा ओरबाडत राहिला. गुरुत्वाकर्षणही तोकडं. आज तिथला दाब आपल्या १ टक्क्याहूनही कमी आहे.

भाची : आणि शुक्र? तो तर जवळपास आपल्याएवढाच.

मामा : त्यानं हवा धरली, जरा जास्तच धरली! ९० पटींहून अधिक दाब, ४६५ अंश सेल्सिअस. त्याहून मोठा ग्रह घेतलास, तर अंगावर हायड्रोजनचा जाड थर असण्याची शक्यता वाढते. दूरच्या ताऱ्याभोवतीचा के२-१८बी हा ग्रह पृथ्वीच्या अडीचपटीहून रुंद. त्याच्या हवेखाली नक्की काय आहे, यावर अजून वाद चाललाय.

भाची : म्हणून जीवसृष्टी शोधताना दुर्बिणीचा वेळ पृथ्वीएवढ्या ग्रहांनाच द्यायचा? शनीचा एन्सेलॅडस बघ. रुंदी जेमतेम ५०० किलोमीटर. तुझ्या हिशेबानं केव्हाच गारठून संपायला हवा होता. पण बर्फाखाली समुद्र आहे, भेगांमधून फवारे उडतात. कॅसिनी यान त्यांतून गेलं, त्याच्या नोंदींत सेंद्रिय रेणू निघाले, २०२३मध्ये फॉस्फेटही.

मामा : त्याची ऊब उसनी आहे. शनी त्याला सतत ताणतो, सैल सोडतो. त्या घर्षणावर समुद्र टिकलाय.

भाची : मग आकाराची ही चाळणी कशाला?

मामा : ती आपल्या नजरेच्या सोयीची आहे. दूरच्या ताऱ्याभोवती असा चंद्र असला, त्यात अगदी मासे पोहत असले, तरी इथून पत्ता लागायचा नाही. हवेतला ऑक्सिजन, मिथेन मात्र प्रकाशात खूण सोडतात.

भाची : म्हणजे असेल तिथं नव्हे, दिसेल तिथं शोधायचं. त्यापेक्षा एन्सेलॅडसवर यान उतरवा ना!

मामा : आणि आपले जंतू तिथं सोडू? इंधन संपत आलं तेव्हा, २०१७मध्ये, कॅसिनी मुद्दाम शनीत घातलं, ते याच धास्तीनं.

भाची : एवढ्याशा चंद्रासाठी यान जाळलं, आणि मंगळावर माणसं उतरवायची घाई! खोल जमिनीखाली काही तगून असलं तर? तू तर त्याला मेलेलाच ठरवलास.

मामा : हवा गेली म्हणालो, मेला म्हणालो नाही.

भाची : मग आधी खणून बघायला हवं.

मामा : हात न लावता खणायचं कसं, ते सांग.