पानातला भात कोणाचा?



घरात कुणाला ताप आला की आपण मऊ गुरगुट्या भात टाकतो. दमून आलेल्याला वरणभात मिळाला की त्याचा जीव शांत होतो. हे समाधान आपल्या एकट्याचे असते का?

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेला भाकरीचे राज्य. इंद्रायणी पिकते ती पश्चिमेच्या डोंगरातील खाचरांत. तेथे भर पावसात वाकून लावणी होते. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला, तोही त्याच हंगामात. सुमारे दीडशे माणसे गेली.

दाम मोजले म्हणजे ऋण फिटले काय? आम्हाला तसे वाटत नाही. दामाने तांदूळ आपला होतो; कष्ट मात्र ज्याचे त्याचेच राहतात. मग भात सुखाने खाऊच नये का? तसेही नाही. सुख नाकारल्याने ऋण हलके होत नाही, वाटल्याने होते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती 'माझी' नव्हे, 'आमची'.

म्हणून या आठवड्यात पानात शीत टाकू नये, आणि शेजारी कुणी आजारी वा एकटे असेल तर त्यांच्याकडे वाटीभर गरम भात पोचवावा.