मिटायला लागणारा वेळ

बसा.

खोपोलीत, पाताळगंगेच्या काठी, एखादा सपाट दगड शोधा. पाय मात्र वरच ठेवा. वीजघराचं पाणी कधी वाढेल, सांगता येत नाही.

मे महिना आहे. आजूबाजूचे ओढे आटलेत. ही नदी वाहते आहे.

श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

हे पाणी घाटमाथ्यावरच्या तलावांचं. वळवणचं, लोणावळ्याचं, शिरोत्याचं. मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरतं, टाटांच्या वीजघरात चाकांवर आदळतं, आणि मग निवांत होऊन नदीला मिळतं. १९१५ पासून. तेव्हा इथली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जायची.

पाण्याकडे बघा. नुसतं बघा.

आता तळहात उघडा. त्यावर एक धातूची डबी ठेवतोय. शंकरपाळ्याच्या आकाराची, दोन टोकांना दोन भोकं, खाली दोन पाय. जुन्या टीव्हीतून निघालेला ट्रान्झिस्टर आहे, बीयू-२०८.

गार लागतोय ना? लागू द्या.

दोन पाय म्हणजे बेस आणि एमिटर. तिसरा पाय दिसत नाही. तिसरा, कलेक्टर, म्हणजे ही डबीच. तुमच्या हाताला लागतोय तो.

आता आठवून ऐका. रात्र आहे. दूरदर्शनवरच्या बातम्या संपल्यात, आवाज बारीक केलाय. तरीही एक तलम शिट्टी येते आहे. मुलांना ऐकू येते, आजोबांना नाही.

ती शिट्टी या डबीच्या तालावरची. सेकंदाला १५,६२५ वेळा ही विजेची वाट उघडते आणि मिटते. पडद्यावरच्या प्रत्येक रेघेसाठी एकदा. एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद.

शिट्टी ऐका. मग तीही सोडून द्या.

डबीच्या आत सिलिकॉनची एक चकती आहे. तिच्यात एक थर जवळजवळ निर्भेळ सिलिकॉनचा. जाडी केसाएवढी. मिटलेली असताना ही डबी १५०० व्होल्ट अडवून धरते, ते या थराच्या जिवावर.

पण असा थर वीज सहजी वाहू देत नाही. म्हणून बेसमधून प्रवाह सोडायचा. विद्युतभार थरात शिरतात, थर भरून जातो, आणि वाट मोकळी होते.

पुस्तकांत म्हणतात, चिमूटभर प्रवाह मोठ्या प्रवाहाला वाट करून देतो. इथे चिमटीने भागत नाही. साडेचार अँपिअर वाहायला हवे असतील तर बेसला दोन अँपिअर द्यावे लागतात. चांगली ओंजळभर.

थर भरलेला आहे. तसाच राहू द्या.

श्वास आत घ्या. तो भरला की क्षणभर थांबा.

आता बेसचा प्रवाह थांबलाय.

आणि डबी मिटत नाही.

बघा. हुकूम पोचला, तरी प्रवाह चालूच आहे. जे आत भरलं, ते आधी बाहेर पडायला हवं. दहाएक मायक्रोसेकंद जातात. त्या वेळाला साठवण-काळ म्हणतात. ६४ मधले दहा. थर जितका जाड, तितका तो जास्त व्होल्ट सोसतो. आणि तितका सावकाश रिकामा होतो.

या दहा मायक्रोसेकंदांत थांबा. इथे घाई नाही.

इंजिनिअर लोकांनी घाई करून पाहिलीच. बेसमधून उलटा प्रवाह खसकन ओढला. बेसजवळचं दार लागलं, पण खोल थरातले भार आतच अडकले. ते रेंगाळत, झिरपत बाहेर पडत राहिले, आणि डबी तापली. कारण ही पूर्ण उघडी असताना फार तापत नाही, पूर्ण मिटलेली असतानाही नाही. ताप होतो तो मधल्या वाटेवर, प्रवाह आणि व्होल्ट एकाच वेळी अंगावर असताना.

मग त्यांनी बेसच्या वाटेवर तारेचं एक छोटं वेटोळं बसवलं. त्यामुळे प्रवाह एकदम उलटत नाही, उतरत उतरत उलटतो. खोलातले भार आधी निघतात. दार शेवटी लागतं. आणि लागतं तेव्हा एका मायक्रोसेकंदाच्या आत लागतं.

मला या यंत्रातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं, तर हे वेटोळं. किंमत काही आण्यांची.

श्वास सोडा. उतरत उतरत.

पुन्हा नदीकडे.

वर वीजघरात पाण्याचा झोत चाकाच्या वाट्यांवर आदळतो आहे. चाक थांबवायचं असेल, तर तिथेही तोंड एकदम बंद करत नाहीत. पाचशे मीटर उंचीचं पाणी वेगात आहे. अडवलं, तर नळच फाटेल. आधी झोतापुढे एक पातं येतं, झोत बाजूला वळवतं. मग आतली सुई सावकाश पुढे सरकते. झोत बारीक होतो. आणखी बारीक.

ती सुई डोळ्यांपुढे आणा. सरकू द्या.

काही सुचलं, तर सुचू द्या. त्याच्या मागे जाऊ नका.

डबी आता गार लागत नाही. तुमच्या हाताइतकी कोमट झाली आहे.

समोरच्या काळ्या खडकावर पाण्याने ओली रेघ ओढलेली आहे. वर चाक थांबलं, तरी इथलं पाणी त्या रेघेखाली लगेच उतरत नाही.

बघत बसा.