दाखवणे आणि देणे

आमच्या जासईच्या घरात गेल्या दीड वर्षापासून एक लहानसा नेम चालू आहे. दररोज घरातील एक साधे छायाचित्र मोबाईलवर टिपायचे आणि कॅनडात राहणाऱ्या आमच्या मुलीला पाठवायचे. कल्पना तिचीच. "बाबा, सणासुदीचे फोटो मला सगळेच पाठवतात. तुम्ही मला घरातला साधा दिवस पाठवा," असे ती एकदा म्हणाली आणि मी हो म्हणून बसलो. उन्हाळ्यात इकडे सकाळी सात वाजता टिपलेले चित्र तिला आदल्या रात्री साडेनवाच्या सुमारास मिळते. म्हणजे आमची आजची सकाळ पाहून ती कालच्या रात्री झोपी जाते. या गमतीचे मला प्रथम फार कौतुक वाटले.

मी मूळचा वसईचा. शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आणि मुलगा न्हावा-शेवा बंदरात नोकरीस असल्यामुळे आम्ही उभयता त्याच्या घरी जासईला येऊन राहिलो. तेव्हापासून वेळ भरपूर आणि काम थोडे, अशी स्थिती होती. त्यामुळे हा नेम मी मोठ्या निष्ठेने पाळला. तव्यावर फुगलेली तांदळाची भाकरी, दोरीवर वाळणारा नातीचा गणवेश, सायंप्रार्थनेनंतर क्रुसासमोर विझवलेली मेणबत्ती, सूनबाईने कामावरून येऊन उंबऱ्याशी काढलेल्या चपला, खिडकीतून दिसणारी कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांची रांग. पाहावे तर यात काहीच नाही. पण मुलगी कळवायची, "बाबा, भाकरीचा वास आला."

या नेमाने मला पुढे एका प्रश्नापाशी आणून उभे केले. घरातील जीवन दुसऱ्याला द्यावे काय, आणि द्यायचे तर ते देण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न लहान दिसतो. आज घरोघरी हाती मोबाईल आहे आणि दिवसातून दहा वेळा आपण या प्रश्नाचे उत्तर विचार न करताच देऊन टाकतो. म्हणून वाचकांपुढे तो मांडावासा वाटला.

प्रथम या गोष्टीची चांगली बाजू पाहू. माझ्या तरुणपणी आमच्याकडे 'आग्फा क्लिक-३' नावाचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा चित्रे निघत. रोल विकत घ्यायचा, धुवून घ्यायचा, प्रती काढायच्या, सगळेच पैशांचे काम. त्यामुळे त्या बारा चित्रांवर हक्क असे तो बाप्तिस्म्याचा, पहिल्या कम्युनियनचा, लग्नाचा आणि कधी अंत्यविधीचा. जुने अल्बम उघडले तर जणू आपण आयुष्यभर नवे कपडे घालून रांगेत उभे होतो असे वाटते. माझी आई विहिरीवर पाणी ओढत असे, पहाटे वाडीतली भाजी निवडून टोपलीत भरत असे. तिचे हे रूप मला डोळे मिटल्यावर दिसते, कागदावर कुठेही नाही.

जासईत आल्यावर हीच उणीव मला एका शेजाऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकू आली. हे गृहस्थ आगरी समाजातले, वयाने माझ्याहून मोठे. या गावाचा इतिहास वाचकांना ठाऊक असेलच. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारीला झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण या लढ्याचे फळ होय. पुढे १९८९ मध्ये बंदर सुरू झाले, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून खाडी ओलांडून येणाऱ्या जवळजवळ २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. भातखाचरे आणि मिठागरे यांच्या प्रदेशाचे रूप एका पिढीत पालटले.

एके दिवशी मी अंगणात वाळत घातलेल्या सुकटीचे छायाचित्र टिपत होतो. शेजारी कुंपणापलीकडून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "मास्तर, मोर्च्याचे फोटू हायेत. आमच्या खल्याचा येक पण नाय." एवढेच बोलून ते आत गेले. मला ते वाक्य विसरता आले नाही. लढ्याची स्मृती जपली जाते, जपलीच पाहिजे. पण ज्या साध्या दिवसांसाठी तो लढा झाला, त्या झोडणीच्या, मळणीच्या, खळ्यावरच्या जेवणाच्या दिवसांचे चित्र काढावे असे तेव्हा कोणाला सुचले नाही, कारण ते दिवस संपतील असे कोणाला वाटलेच नव्हते. साधा दिवस हा नेहमी असा गाफीलपणे गमावला जातो. रोज एक चित्र टिपणे म्हणजे या गाफीलपणाला घातलेला लहानसा आळा आहे, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

ही कल्पना नवी नाही आणि तिला मोबाईलचीही गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये जेमी लिव्हिंगस्टन नावाच्या एका छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ पासून पोलरॉईड कॅमेऱ्याने दररोज एक चित्र काढण्याचा नेम धरला. मित्रांच्या बैठका, जेवणाची टेबले, रस्ते, पुढे कर्करोगाचे आजारपण आणि इस्पितळाची खोली हे सारे त्यात आले. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या ४१ व्या वाढदिवशी, ते निवर्तले तोवर सहा हजारांहून अधिक चित्रे जमली होती. त्यांच्या हयातीत ती मित्रमंडळींपुरती राहिली. जगाला ती दिसली ती त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, मित्रांनी ती जुळवून मांडली तेव्हा.

योगायोग असा की त्याच १९९७ साली, ११ जून रोजी, कॅलिफोर्नियात फिलिप कान या तंत्रज्ञाने आपल्या नवजात कन्येचे छायाचित्र प्रसूतिगृहातून मोबाईल फोनच्या साहाय्याने धाडले. कॅमेरा, संगणक आणि फोन यांची जोडणी त्यांनी तिथेच बसून केली. ते चित्र दोन हजारांहून अधिक जणांना पोहोचले. मोबाईलवरून पाठवलेल्या छायाचित्रांची कथा येथून सुरू होते असे मानतात. म्हणजे या साधनाचे पहिलेच चित्र घरातले, आणि पहिल्याच दिवशी ते हजारोंचे झाले. एका वर्षात हे दोन मार्ग जगापुढे आले. एक माणूस अठरा वर्षे टिपत राहिला आणि जवळच्यांपुरते ठेवले. दुसऱ्याच्या आनंदाला क्षणात दोन हजार साक्षीदार मिळाले. दोघांच्याही मनात प्रेमच होते. म्हणून प्रेम होते एवढ्याने आपला प्रश्न सुटत नाही, हे मला पुढे स्वानुभवाने कळले.

नेमाच्या सहाव्या महिन्यात माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. उजवा हात निकामी झाला, तोंड किंचित वाकडे झाले. इस्पितळातून घरी आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी सूनबाई तिला चमच्याने पेज भरवत होती. खिडकीतून कोवळे ऊन येत होते. पत्नीचे केस मोकळे होते, हनुवटीवर पेजेचा ओघळ होता आणि सूनबाईचा डावा हात तो पुसण्यासाठी पुढे आला होता. मी मोबाईल उचलला. खरे सांगतो, वर्षभरात माझ्या हातून निघालेले ते सर्वांत सुंदर चित्र होते. मुलीला पाठवले. ती रडली आणि म्हणाली, "बरे केलेत, बाबा. मला तिथे असल्यासारखे वाटले."

एवढ्यावर मी थांबायला हवे होते. पण चित्र सुंदर होते, आणि सुंदर वस्तू चारचौघांना दाखवण्याची हौस वृद्धापकाळीही सुटत नाही. मी ते आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. गटात दीडशेच्या वर माणसे. 'सेवाभावी सून' म्हणून प्रशंसा झाली, जोडलेल्या हातांच्या खुणा आल्या, प्रार्थनेची आश्वासने आली. माझ्या छायाचित्रणकलेचीही दोघातिघांनी वाहवा केली. मी ती वाहवा दोनदा वाचली, हेही येथे कबूल करतो.

आठवड्याने वसईहून एक नातेवाईक भेटीस आल्या. बसता बसता पत्नीला म्हणाल्या, "फोटो पाहिला गं तुझा. फार वाईट वाटलं." पत्नीने माझ्याकडे पाहिले. पाहुण्या गेल्यावर, अजून नीट न वळणाऱ्या जिभेने, ती हळूहळू म्हणाली, "लेकीला दाखवलंत ते चांगलं केलंत. ती इथे असती तर तिनंच भरवलं असतं. बाकीच्यांना माझं तोंड कशाला दिलंत?" सूनबाई ओट्याशी उभी होती. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबा, मी आईंना भरवत होते."

मी गटावरील चित्र काढून टाकले. पण तोवर ते कोठकोठल्या मोबाईलमध्ये जाऊन बसले होते कोण जाणे. उधळलेले पीठ पुन्हा डब्यात भरता येत नाही.

त्या दिवसानंतर मी पुष्कळ विचार केला. एकच चित्र, दोन ठिकाणी गेले. मुलीकडे गेले तेव्हा तो घरातून घरात दिलेला घास होता. जिला दिला तिच्या भुकेसाठी दिला होता, आणि जिचे रूप त्यात होते तिला तो देणे मान्य होते. गटावर गेले तेव्हा ते प्रदर्शन झाले. तिथे कोणाची भूक नव्हती. भूक होती ती माझी, कौतुकाची. देण्यात घेणाऱ्याचा विचार असतो, दाखवण्यात दाखवणाऱ्याचा. बाहेरून दोन्ही कृती अगदी सारख्या दिसतात, बोटाचा एकच स्पर्श. फरक मनात असतो, म्हणून तो मनातच शोधावा लागतो.

या बाबतीत कायदा आपल्या मदतीस येईल अशी आशा करू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे. पती-पत्नीमध्ये, सासू-सुनेमध्ये कोणी सरकारी अधिकारी येऊन बसावा असे कोणाला वाटेल? फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या छायाचित्रांविषयी कायदा करून, मुलाच्या प्रतिमेचा हक्क जपणे हे आईवडील दोघांचेही कर्तव्य ठरवले. त्याची गरज का पडली असावी, हे आपल्या आसपास पाहिले तरी समजते. न्हाणीघरातले, रडतानाचे, शिक्षा भोगतानाचे बाळ आपण हसत हसत शेकडो लोकांना दाखवतो. ते बाळ उद्या पंधरा वर्षांचे होणार आहे, हे आपण विसरतो. उंबऱ्याच्या आत विवेकाचेच राज्य असते, आणि विवेक झोपला तर तिथे दुसरा पहारेकरी नाही.

कोणी म्हणेल, मग दुःख लपवावे काय? केवळ हसरी, नीटनेटकी चित्रे पाठवून घराचा खोटा देखावा उभा करावा काय? शंका रास्त आहे. पुष्कळ घरांतून सध्या असाच देखावा उभा राहतो आणि दुसऱ्या घरातली गृहिणी तो पाहून आपल्या पसरलेल्या ओट्याकडे खिन्नपणे बघते. परंतु न सांगणे आणि खोटे सांगणे यांत अंतर आहे. माझ्या पत्नीने आजार लपवला नव्हता. तो कोणापुढे उघडा करायचा एवढे ठरवण्याचा अधिकार तिने मागितला होता. नाझरेथच्या घरातील तीस वर्षांपैकी शुभवर्तमानकारांनी एकदोन प्रसंगांपलीकडे काही सांगितले नाही. त्यामुळे त्या घराविषयी आपल्याला कोणी फसवले असे वाटत नाही. उलट त्या मौनामुळे प्रत्येक साध्या घराला तिथे आपली जागा दिसते.

आमचा नेम त्यानंतर महिनाभर बंद होता. मुलगी विचारी, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेई. मग एका सकाळी पत्नी जमिनीवर सूप घेऊन बसली. उजवा हात मांडीवर ठेवलेला, डाव्या हाताने ती एकेक खडा शोधत तांदूळ निवडत होती. बराच वेळ लागत होता. मी पाहत होतो, मोबाईल खिशातच होता. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आता काढा. हाताचा काढा. लेकीला कळू दे, डावा हात शिकतोय." मी चित्र काढून आधी तिला दाखवले. तिने ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, "सूप तिरकं आलंय," म्हणाली, आणि मग "पाठवा" म्हणाली.

आता नेम तिच्या हाती आहे. काय टिपायचे ते पुष्कळदा तीच सांगते. सूनबाईला आणि नातीलाही विचारले जाते, आणि नात कधी ठामपणे 'नको' म्हणते तेव्हा तो नकार मानला जातो. शेजाऱ्यांच्या नातवाने त्यांच्याकडून खळ्याचा एक आराखडा कागदावर काढून घेतला आहे. कणग्या कुठे, बैल कुठे, आजी कुठे बसे, हे त्यांनी बोटाने दाखवले. त्या कागदाचे छायाचित्र माझ्या मोबाईलमध्ये आहे. ते मी कोणाला पाठवलेले नाही. त्यांनी अजून तसे सांगितलेले नाही.

आणि काही दिवस चित्राविना जातात. परवा पत्नीला रात्रभर झोप नव्हती. पहाटे आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो, दूर बंदराचे दिवे दिसत होते, आणि ती लहानपणीचे काहीतरी सांगत होती. त्या दिवशी मुलीने विचारले, "बाबा, आज फोटो नाही?" मी म्हणालो, "आज तुझी आई बोलत होती. मी ऐकत होतो." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काय म्हणाली, ते तीच सांगेल ना मला?" मी फोन पत्नीच्या हाती दिला.