पिसांत लपलेला गळ

शास्त्रपाठ : लूक ५:१–११



गनेसरत सरोवराच्या कांठीं शिमोन पेत्र रिकामें जाळें धूत होता. सारी रात्र श्रम करून त्याच्या हातीं कांहीं लागलें नव्हतें. त्याच दिवशीं प्रभूनें त्याला सांगितलें कीं, भिऊं नको, येथून पुढें तुझ्या हातून माणसें धरलीं जातील. हें पाचारण गांवोगांवच्या ज्या उपदेशकांनीं स्वीकारलें आहे, त्यांनीं एका गोष्टीचा विचार करावा. मासे धरण्याच्या रीति अनेक आहेत. प्रभूनें आपल्या सेवकांस त्यांतील कोणती नेमून दिली?

पाश्चात्य देशांत मासे धरण्याची एक मोठी कुशल कला आहे. तींत गळाला गांडूळ किंवा किडा लावीत नाहींत. गळावर पक्ष्यांचीं पिसें व जनावरांचे केस दोऱ्यानें बांधून त्यास माशीचें अथवा लहान माशाचें रूप देतात, आणि लांब लवचिक काठीनें तो पाण्यावर फेकतात. इंग्रज अंमलदारांनीं ही कला आपल्या देशांतहि आणली. टॉमस नांवाच्या एका अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. अमेरिकेंत टायगर मस्की नांवाचा एक मोठा, तीक्ष्ण दांतांचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला मासा आहे. त्यासाठींहि कित्येक शिकारी असा पिसांचा गळ वापरतात. हंगामाच्या आरंभीं पाणी थंड असतें व मासा सुस्त असतो, म्हणून गळ अगदीं हळू ओढावा लागतो. पुष्कळदां मासा नावेपर्यंत गळाच्या मागोमाग येतो आणि तोंड न लावतां परत फिरतो. या कुळींतील मासा दहा हजार वेळां गळ फेकावा तेव्हां एक मिळतो, अशी तिकडे म्हणच पडली आहे.

आतां, एवढी चिकाटी जर एका माशासाठीं, तर अमर आत्म्यासाठीं किती असावी? एखाद्या गांवीं चार वेळां जाऊन कोणी ऐकत नाहीं, म्हणजे आपण तो गांव सोडून देतों. एखादा जिज्ञासु दाराशीं येऊन परत फिरतो, तेव्हां आपण त्याजवर रागावतों. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. अठरा वर्षें त्यांनीं या प्रांतांत शिकविलें व उपदेश केला, आणि १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाजवळ पुरानें भरलेला प्रवाह ओलांडतांना ते बुडून मरण पावले. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ सालीं निघालें. तें त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं. पेरणाऱ्यास कापणी पाहावयास मिळेलच असें नाहीं.

तर चिकाटी त्या शिकाऱ्यापासून शिका. त्यापलीकडे त्याचें कांहीं घेऊं नका. कारण त्याच्या कलेचें सारें बळ लपविण्यांत आहे. माशाला पीस दिसतें, लोखंड दिसत नाहीं.

आपल्याकडील उदाहरण घ्या. मृग लागून पाऊस सुरू झाला म्हणजे नागपूर, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांतील तलावांत मरळ माशाचीं पिलें दिसूं लागतात. त्यांचा लालसर घोळका पाण्याच्या वरच्या थरांत फिरतो, आणि मोठा मरळ खालीं राहून त्यांची राखण करतो. ज्याला हें वर्म ठाऊक आहे, तो बेडूक टोचलेला गळ त्या घोळक्याजवळ नाचवितो. मरळाला भूक नसली तरी तो पिलांच्या रक्षणासाठीं झडप घालतो आणि अडकतो. त्याची प्रीतिच त्याचा घात करते. मागें राहिलेलीं पिलें मग दुसऱ्या माशांच्या तोंडीं पडतात.

उपदेशकहो, तुमच्या गांवांतील गरीब बाप या मरळासारखाच आहे. मुलाची शाळा, आजारी मुलीचें औषध, पेरणीचें बीं, यांजकडे त्याचा जीव लागलेला असतो. हीं त्याच्यापुढें नाचवून तुम्ही आंत बाप्तिस्म्याचा गळ लपविलात, तर तो येईल. पण तो पिलांसाठीं आलेला असेल, प्रभूसाठीं नव्हे. आणि वर्षअखेरच्या अहवालांत वाढलेला आंकडा पाहून मंडळींत आनंद होईल, तरी स्वर्गांत होईल काय?

पवित्र शास्त्र याविषयीं किती काळजीनें बोलतें तें पाहा. पेत्राला पाचारण करतांना प्रभूनें जो शब्द वापरला, त्याचा मूळ ग्रीक भाषेंत अर्थ जिवंत धरणें असा आहे. गळाला लागलेला मासा मरावयासाठीं धरलेला असतो. प्रभु माणसें जगावयासाठीं धरावयास सांगतो. उलट याकोबाच्या पत्रांत (१:१४) वासना मनुष्यास भुलविते असें जेथें आहे, तेथें मूळ शब्द आमिष दाखविण्याचा आहे. तोच शब्द पेत्रानें आपल्या दुसऱ्या पत्रांत (२:१४) खोट्या शिक्षकांविषयीं योजला. आणि पेत्र तर जन्माचा कोळी! त्याला प्रभूनें एकदांच गळ टाकावयास सांगितलें (मत्तय १७:२७), तें कराच्या नाण्यासाठीं. माणसांसाठीं कधींहि नाहीं.

मग शाळा व दवाखाने बंद करावे काय? देव न करो. तीं प्रीतीचीं कृत्यें आहेत, आणि प्रीति उघड्या हातानें देते. दहा कुष्ठरोगी बरे झाले, नऊ परतले नाहींत. तरी प्रभूनें त्यांचें आरोग्य काढून घेतलें नाहीं (लूक १७). भाकरीसाठीं मागें लागलेल्या लोकांस त्यानें त्यांचा हेतु स्पष्ट बोलून दाखविला, आणि पुष्कळ निघून गेले तेव्हां त्यांस जाऊं दिलें (योहान ६). जो मागें येऊं पाहील त्यास त्यानें आधीं क्रूस दाखविला. तुमच्या दानाची पारख हीच : जो तुमचें वचन नाकारतो, त्याच्या मुलालाहि तुम्ही तितक्याच ममतेनें औषध देतां काय?

राजनांदगांवास जाणाऱ्या आगगाडींत नारायण वामन टिळकांस एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानें नवा करार दिला. त्या प्रवाशाचें नांव त्यांस पुढें कधीं कळलें नाहीं. देणारा निघून गेला, पुस्तक मागें राहिलें. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायीं त्यांनीं आप्तांचा रोष व कांहीं वर्षें पत्नीचा वियोगहि सोसला. आमिषानें आलेला मनुष्य हें सोसता ना. त्यांचीं गीतें आजहि गांवोगांवच्या उपासनेंत गाइलीं जातात.

वर सांगितलेला टायगर मस्की मासा वांझ असतो. त्यास पिलें होत नाहींत, म्हणून तलावांत तो पुन्हां पुन्हां बाहेरून आणून सोडावा लागतो. आमिषानें जडलेला विश्वास असाच आहे. दरवर्षीं नवें धान्य घातलें तरच तो टिकतो, आणि त्यापासून शेजाऱ्याच्या घरीं दुसरा विश्वास जन्मत नाहीं. सत्यानें धरलेलें एक घर मात्र साऱ्या मौज्याला पुरतें.

म्हणून, बंधूंनो, या पावसाळ्यांत ज्या नव्या गांवीं तुम्ही जाल, तेथें जाळें उघड्यावर धुवा आणि उघड्यावर टाका. काय मिळेल तें सांगा, व काय सोडावें लागेल तेंहि सांगा. रात्र रिकामी गेली तर खिन्न होऊं नका; प्रभूच्या शब्दावरून पुन्हां जाळें सोडा.

हे प्रभो, आमच्या हातांत जो गळ लपलेला असेल तो तूं काढून टाक, आणि आम्हांस तुझ्या सत्याचे प्रामाणिक कोळी कर. आमेन.